नरनाळ्यावरून उतरवल्याचं बिल

"अडकले ना? मग भरा!" गाडी अकोल्यातून निघून अकोटच्या रस्त्याला लागली आणि माझी टकळी सुरू झाली. पेपरात बातमी होती, कुठल्याशा गडावर हौशी मंडळी फसली आणि गावकऱ्यांनी दिवसभर राबून त्यांना खाली आणलं. माझं मत साधं होतं. हौसेनं चढायचं, हौसेनं फसायचं आणि लोकांनी आपली कामं टाकून धावायचं, तेही फुकटात? बिल हातात ठेवा, पुढच्या वेळी नीट चालतील. मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे मत जरा मोठ्यानंच मांडते.

गाडी माझी नणंद चालवत होती. ती अकोल्याच्या जुन्या शहरात शाळेत शिकवते आणि माझ्या प्रत्येक मतावर तिचं उलटं मत तयार असतं. "वहिनी, बिल लावलं ना, तर लोक फोनच करणार नाहीत. लपून बसतील अन् अजून खोल फसतील."

"काही नाही होत. अक्कल येते."

"बरं बापा, तुमचंच खरं." हे ती पटलं नसलं की म्हणते.

नरनाळा गडाखालच्या गावात एका बागाईतदाराच्या अंगणात गाडी लावली. मागे संत्र्याचा बगीचा, पुढे शेवंतीचे वाफे, आणि अंगणात नुसती धावपळ. सतरंज्या झटकणं चाललं होतं, शेजाऱ्यांकडून खुर्च्या येत होत्या. "आज पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले, मूर्तिजापूरचे," घरधनी खुर्ची पुसता पुसता म्हणाले. "याच्या आंधी दोन जागी फिसकटलं. पोरगी लय बोलते मनतात. आता हे जमलं पाहिजे बाई, मले झोप नाई."

"बाबा, कोनाले बी सांगत सुटता!" दारात गजरा करत बसलेली मुलगी तिथूनच ओरडली. आम्हाला दोघींनाही ती तिथल्या तिथे आवडली. वडिलांनी आपला नंबर दिला. "काई लागलं तं फोन करा."

गड छान चढलो. दमलो, हसलो, तलावाकाठी भाकरी खाल्ली. तिथून नीट पायवाटेनं उतरलो असतो तर ही गोष्टच घडली नसती. पण दिवस सीताफळांचे होते, आणि डोळे उघडलेलं सीताफळ दिसलं की आम्हा वऱ्हाडच्या माणसांचं डोकं चालत नाही. एका झाडाचं तोडलं, तर खालच्या झाडावर त्याहून मोठं. तिथे गेलो, तर त्याच्या खाली आणखी एक. ओढण्या भरल्या. मग वर पाहिलं तर वाट कुठे होती ते दिसेना, आणि खाली पाहिलं तर नुसता मुरमाड उतार. मी एक पाऊल टाकलं आणि बसल्या बसल्या घसरत घाणेरीच्या झुडपात जाऊन पडले. घोटा मुरगळला.

नणंद कशीबशी माझ्यापर्यंत आली आणि तिनं मोबाइल काढला. "नको!" मी ओरडले. "थांब थोडं."

"काहून?"

"त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत ना."

"पाहुणे? का गाडीतलं भाषण आठवून राहिलं, वकीलसाहेब?" आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. मला राग आला, मग मलाही हसू आलं. आम्ही सीताफळं फोडली आणि बिया थुंकत बसलो. ऊन कलायला लागलं. मी हिय्या करून उठले, दगड सुटला आणि आणखी खाली गेले. लपून बसले आणि अजून खोल फसले. त्या बयेचा शब्दन् शब्द खरा निघाला! आता नणंदेनं मला विचारलंच नाही, सरळ फोन लावला.

खाली काय झालं ते नंतर कळलं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच वेळी फोन वाजला. वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. आमचा आक्रोश सगळ्या बैठकीनं ऐकला. वडिलांचा गुडघा दुखरा. मुलीनं ट्रे मुलाच्या मामाच्या मांडीवर ठेवला, विहिरीचा दोर उचलला, "मी आनतो त्याइले" म्हणाली आणि निघाली. मुलगा उठला. "मी बी येतो." मामा उठणार होते, पण मांडीवर ट्रे.

आम्हाला दिसली ती पदर खोचलेली नवरी मुलगी आणि तिच्या मागे इस्त्रीच्या शर्टात धापा टाकणारा मुलगा. तिनं दोराचं टोक माझ्या कमरेला बांधलं आणि वर जाऊन त्याला सांगितलं, "झाडाले वेढा मारा अन् मांगं झुका. मांगं मनलं, पुढं नाई! अहो, आयकू येते का?" तो मुकाट मागे झुकला. मी पोत्यासारखी वर निघाले.

"अहो पाहुणे, विचारा ना काही!" खालून नणंदेला चेव आला. "तुमचा कार्यक्रम चालू आहे!"

मुलगा दोर ओढता ओढता म्हणाला, "तुमाले... स्वयपाक येते का?"

"येते. तुमाले झाडावर चढता येते?"

"नाई."

"मंग शिकाल. पयले दोर वढा."

हसून हसून माझे हात सुटत होते. मागून नणंदही दोर धरून वर आली, मला दोघांनी खांदा दिला आणि आमची वरात खाली आली.

अंगणात मात्र हसू पळालं. मामा तसेच बसले होते, ट्रे तसाच मांडीवर. "पोरगी पाहाले आलो, तं पोरगी पोराले घेऊन पहाडात! कुठची रीत हाय हे? चाल रे, बस गाडीत." वडील भिंतीला टेकून हात जोडून उभे होते. आमच्या सीताफळांपायी या माणसाचं तिसरं ठिकाण मोडत होतं. मी पर्स उघडली. "भाऊ, तुमचं काय द्यायचं ते सांगा."

त्यांनी पर्सकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैशानं काय होते बाई? हे जमवून द्या."

मी एका पायावर मामांसमोर उभी राहिले. "मामाजी, जिच्यामुळे झालं ती मी. वर काय झालं ते मी पाहिलं आहे. विचारा."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही याच्यावर खेकसली का?"

झाली का पंचाईत! वडिलांनी डोळे मिटून घेतले. पण खोटं बोलले असते तर मुलाच्या तोंडावरूनच कळलं असतं. "खेकसली. वर जाईपर्यंत अन् खाली येईपर्यंत."

"अन् हा?"

"सांगेल तसं करत होता. मुकाट."

"हा?" मामांनी भाच्याकडे पाहिलं. शर्ट फाटलेला, केसांत काटे, आणि मुलीकडे बघत वेड्यासारखा हसणारा. "घरी माय पानी आन मनते तं हा जागचा हालत नाई! हा आयकते?" मामांनी चमचा उचलला आणि गार पोह्यांचा मोठा घास घेतला. "चहा तरी गरम पाजा, इवाई."

इवाई म्हणजे व्याही! वडील दुखऱ्या गुडघ्यानंच चहा सांगायला आत धावले. माझ्या नणंदेनं तर शिट्टीच मारली, शाळेतली बाई असून.

निघताना मुलगी माझ्या घोट्याला हळदीचा लेप लावत होती. मला राहवेना. "पोरी, ट्रे ठेवून धावलीस. हेही मोडलं असतं तर?"

"मोडलं असतं तं मोडलं असतं," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. "तुमी वर अडकल्या होत्या ना. पाय हालवू नोका."