पाळणाघरातली शांतता

मुलगी उचलली तेव्हा तिची मान कलंडली. आठ महिन्यांचं पोर. ओठ निळसर, श्वास फार सावकाश. मी पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. म्हणजे अफू.

सोलापुरातल्या एका गिरणीच्या पाळणाघरातली ही दुपार. मी तेव्हा हेल्थ व्हिजिटर होते. घरोघरी नि गिरण्यांत जाऊन बाळं तपासायची, दाया आणि आया यांचे वर्ग घ्यायचे, हे माझं काम. इथल्या दोन्ही आया माझ्याच वर्गात शिकलेल्या. तीन आठवड्यांपूर्वी मी रिपोर्टात लिहिलं होतं, 'स्वच्छता उत्तम. मुलं शांत.'

थोरली आया नरसम्मा. विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी, पन्नाशीची बाई. तिला मी डॉक्टरांना आणायला पिटाळलं आणि पोरीच्या तळपायांवर टिचक्या मारत बसले. तिला झोपू द्यायचं नाही, एवढंच हातात होतं. गिरणीच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. त्यांनी रबरी नळीने पोट धुतलं, झोप उडावी म्हणून त्याच नळीतून थोडी कोरी कॉफी सोडली. मग आम्ही आळीपाळीने तिला हलवत राहिलो, चिमटे काढत राहिलो. दिवेलागणीला ती रडली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग चांगली भोकाड पसरून. डॉक्टर भिंतीला टेकून खालीच बसले.

तिची आई काशी, मंद्रूपकडची, सुताच्या लडी करायच्या खात्यात कामाला. तिला बोलावून आणलंच होतं. अफूची गोळी कोणी दिली, असं मी विचारलं. नरसम्मानेच सांगून टाकलं. रोज सकाळी काशी घरून गोळी चारून मूल आणायची. त्या दिवशी पोरगी मधेच जागी होऊन रडायला लागली, म्हणून नरसम्माने आणखी एक दिली. सकाळची गोळी नेहमीपेक्षा मोठी होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

मला राग आवरला नाही. म्हटलं, "हेच शिकवलं होतं का मी तुम्हाला?"

"तुमी दूध उकळायचं शिकवलं, आंगोळ शिकवली, वजन शिकवलं," नरसम्मा म्हणाली. "अफूचं कुटं इचारलं, बाई? पोर भुकेनं रडतंय, आईला खात्यातनं सोडत न्हाईत. चाळीस पोरं हायत, आमी दोघी. तुमीच सांगा की, काय करावं."

बाळाला अफू घालायची चाल मला माहीत होती. पण शिकलेली आया तसं करणार नाही, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या मॅनेजरसाहेबांनी नरसम्मा आणि काशी, दोघींनाही कामावरून काढायचं ठरवलं. मी जाऊन भेटले.

"तुम्ही त्या आयेची बाजू घेता?" त्यांनी विचारलं.

"चूक तिची आहेच, साहेब. पण नवी आया गोळी देईल आणि लपवील. हिनं निदान खरं सांगितलं."

मग मी खरी मागणी केली. अंगावर पाजणाऱ्या बायांना पाळीत दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं सोडा. साहेबांना यंत्रं थांबायची धास्ती. बरंच बोलणं झालं. शेवटी एकाच खात्यात महिनाभर करून बघायचं ठरलं. नरसम्मा आणि काशी, दोघी राहिल्या. तिसरी आया मागितली होती, ती काही मिळाली नाही.

पहिला आठवडा कठीण गेला. अफूची सवय लागलेलं मूल गोळी कमी होताच चिडतं, ओकतं, निजत नाही. डॉक्टरांनी एकदम न तोडता हळूहळू कमी करायला लावली होती, तरी पाळणाघर दणाणून गेलं. शेजारच्या खोलीतला हजेरी कारकून टेबल उचलून दुसरीकडे गेला. दोघी बायांनी मुलं आणायचीच बंद केली. त्या मुलांचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. यंत्रं मात्र थांबली नाहीत. एक बाई पाजायला गेली की शेजारची तिचं सांभाळून घेई. महिन्यानंतर साहेबांनी बाकीच्या खात्यांनाही परवानगी दिली.

आयांच्या पुढच्या वर्गाचा पहिला धडा मी नरसम्माला घ्यायला सांगितला. ती आधी नको म्हणाली. मग उभी राहिली, तळहातावर एक गोळी ठेवून सगळ्यांना दाखवली.

"ही मी दिली," ती म्हणाली. "पोर मरता मरता वाचलं."

मग मागच्या रांगेतली एक म्हणाली, आमच्याकडंबी देतात. तिच्यापाठोपाठ आणखी चौघी बोलल्या. इतकी वर्षं मी वर्ग घेत होते, मला यांतलं एकीनेही सांगितलं नव्हतं.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही पाळणाघरात गेले की वजनकाटा आणि रजिस्टर नंतर बघत असे. आधी एक निजलेलं मूल उचलून जागं करायचं. आयांना ते आवडत नसे. मूल चिडून रडलं, की पुढची तपासणी.