पाहणारा आणि लिहिणारी

फुलपाखरं मोजायला दोन माणसं लागतात. एक पाहतो, दुसरा लिहितो. पाहणारा ठरलेल्या वाटेने संथ चालतो आणि पुढच्या पाच-सहा पावलांत जे उडेल किंवा बसलेलं असेल त्याचं नाव आणि संख्या सांगतो. लिहिणारा मागून चालत ते तक्त्यात भरतो. फुलपाखरं मोजणाऱ्या आमच्या गटाचा एक नियम होता : लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही. दोघेही पाहू लागले की एकच फुलपाखरू दोनदा मोजलं जातं, आणि मग "ते मघाचंच" की "हे दुसरं" यावर वाद. मला हा नियम मनापासून पटला होता. मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेब पाहते. एकच नोंद दोन ठिकाणी पडली की काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

आमच्या घरात पाहणारे हे आणि लिहिणारी मी. मखमलाबादच्या बाजूची कालव्याकडेची वाट आमच्या वाट्याला आली होती. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला द्राक्षबागा, आणि मधल्या पट्ट्यात रुई, घाणेरी, टाकळा, एकदांडी. पावसाळा उतरणीला लागला की दर रविवारी, एरवी महिन्यातून एकदा. उन्हं अंगावर आली की निघायचं, कारण पंख तापल्याशिवाय फुलपाखरं उठत नाहीत. कित्येक वर्षं मी ती वाट चालले, आणि तिथलं एकही फुलपाखरू मला धड माहीत नव्हतं. नावं तोंडपाठ होती. कोणत्या महिन्यात कोणतं साधारण किती, हे झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या पंखावर हळद कुठे आणि कुंकू कुठे, असं कोणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. हबशी नावाचं एक काळं फुलपाखरू आहे, त्यावरून गटातले लोक चेष्टा करत.

"वहिनी, परवाचा हबशी किती काळा होता हो?"

"तीन होते," मी म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

यांची नजर हा आमच्या गटाचा भरवसा होता. हे अंबडच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायच्या विभागात होते. धातूवरची केसाएवढी चीर यांना उजेडात धरताच दिसायची. वाटेवरही तसंच. मी खाली बघून चालत असायचे आणि पुढून यांचा आवाज यायचा, "लिंबाळी, दोन. हबशी, एक." आवाजात कधी अडखळ नसे. गटात कोणी नवीन आलं की हे एक गोष्ट हमखास समजावून सांगत. बिबळ्या कडवा म्हणून एक केशरी फुलपाखरू आहे. त्याची अळी रुईचा चीक खाऊन मोठी होते, त्यामुळे ते पक्ष्यांना कडू लागतं. छोटा चांदवा हे वेगळं फुलपाखरू, पण त्याची मादी हुबेहूब त्या कडव्यासारखी दिसते, उडतेही त्याच्यासारखी, आणि त्या सोंगावर जगते. फरक एवढाच, की कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात आणि चांदव्याच्या मादीला फक्त वरच्या कडेला एक. "पक्षी फसतो," हे म्हणत, "आपण फसायचं नाही."

गेल्या वर्षी भाद्रपदात एका रविवारी वाऱ्याने माझा तक्ता उलटला. मी थांबून पॅडचा चाप नीट लावत होते. यांनी नुकतंच "बिबळ्या कडवा, एक" असं सांगितलं होतं आणि दोन पावलं पुढे गेले होते. ते फुलपाखरू माझ्या बुटाशेजारी एकदांडीच्या फुलावर येऊन बसलं, पंख सपाट पसरून. मी मान वर केली नव्हती. ते खालीच होतं.

"अहो, याला एकच ठिपका आहे."

"कशाला?"

"आत्ता सांगितलंत ना, त्याला."

"तू कशाला बघतेस? दोनदा मोजशील."

"मी नाही बघितलं. तेच आलं इथे. या बघू."

हे मागे आले, माझ्या पायाशी वाकले आणि वाकूनच राहिले. फुलपाखरू पंख हलवत नव्हतं. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलो, चांदवा आहे, खोड. हे म्हणाले, "कुठे आहे?"

कालव्याच्या कठड्यावर बसून यांनी सांगितलं. साधारण गुढीपाडव्यापासून असं होत होतं. समोर जे असेल त्याचा मधला भाग पुसला जायचा, कडेचं दिसायचं. वाटेत काही हललं की डोळ्याच्या कोपऱ्याला कळायचं, पण सरळ बघायला गेलं की ते नाहीसं. मग हे उडण्यावरून नाव सांगत. कोण तरंगतं, कोण झेप घेतं, कोण गवताला घासून जातं, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलं होतं. बरंचसं जुळत असणार. आणि मी मान खाली घालून ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल." मग थोड्या वेळाने, "नाही, तसं नव्हतं वाटलं."

यांना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याच्या मध्यभागाला सूज असल्याचं सांगितलं. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. गेलेलं परत येईल असं समजू नका, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, असं ते शांतपणे म्हणाले. यांनी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, पंखावरचे ठिपके दिसतील का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पंख कसले, ते त्यांना कळलं नसावं, आणि मलाही त्या खोलीत ते समजावून सांगावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर यांनी पाडव्यापासूनचे तक्ते काढायला लावले. जेवणाच्या टेबलावर मी एकेक ओळ वाचायची आणि यांनी सांगायचं.

"राणी पाकोळी, एक."

"पक्की. तेवढी मोठी दुसरी कोणी नाही."

"हळदीकुंकू, चार."

"उंचावर होती. उडण्यावरून. राहू दे... नको, खोड."

"बिबळ्या कडवा, सात."

"खोड."

"सातच्या सात? त्यात पाच तरी खरे असतील की."

"कोणते पाच, ते सांग. तू हिशेबाची."

मी लाल पेनाने रेघ मारली. गवतातली छोटी निळी फुलपाखरं आली तेव्हा मी थांबले. पाडव्यापासून ती जवळजवळ शून्यावर आली होती. सगळ्यांचे तक्ते एकत्र करणाऱ्या निवृत्त शिक्षकांना, आमच्या सरांना, मी स्वतः ते दाखवलं होतं, आणि द्राक्षांवरच्या फवारणीने ती गेली असावीत असं आमचं बोलणंही झालं होतं. एवढंच नाही, आमच्या वाटेवरच्या बागेच्या मालकाला मी तोंडावर सुनावलं होतं. तो म्हणाला होता, "फोडा, ताई, आमच्याच डोक्यावर सगळं फोडा. तुमचं फुलपाखरू मेलं तरी आम्हीच, आन् बाग गेली तरी आम्हीच."

"निळी," मी म्हणाले.

"ती तर मला दिसतच नव्हती," हे म्हणाले. "जमिनीलगत असतात. समोर बघावं लागतं."

सरांना मी फोन लावला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "ताई, एवढ्या कष्टाच्या नोंदी काढून कशाला टाकता? शंका असा शेरा मारून ठेवू." फोनचा आवाज मोठा होता. हे शेजारून म्हणाले, "सर, दुसऱ्या कोणाच्या असत्या तर ठेवल्या असत्यात?" अर्ध्याहून जास्त हंगाम आम्ही काढून टाकला.

पुढच्या रविवारी मी बागेच्या मालकाकडे गेले. तो ट्रॅक्टर सुरू ठेवूनच बोलत होता. मी म्हटलं, निळी फुलपाखरं कमी झाली हे आमचं चुकीचं होतं. ती असतील. यांना दिसत नव्हती.

"म्हंजी? साहेबांना दिसत नाय?"

"मधलं दिसत नाही."

त्याने ट्रॅक्टर बंद केला.

त्यानंतर मी पाहणारी झाले. सरांनी गटातल्या एका बाईंना लिहायला माझ्याबरोबर दिलं. हे म्हणाले, मीही येतो, अडलीस तर विचार. मी पदोपदी अडत होते. मला इतक्या वर्षांची नावं येत होती आणि ती कोणाला लावायची ते कळत नव्हतं. हे मागून विचारायचे, "पंख मिटून बसलंय की उघडून? कडेला नक्षी आहे का? घाई करू नकोस." हळूहळू जमू लागलं. पहिल्यांदा राणी पाकोळी माझ्या डोळ्यांसमोर पाण्यावरून गेली, काळ्यावर तो निळा, तेव्हा मी थांबले आणि काही बोललेच नाही. मागून यांनी विचारलं, "काय झालं?" मी घाईघाईने नाव सांगितलं. मला झालेला आनंद यांना आवाजातून कळू नये असं वाटत होतं. कळलाच असणार.

अडचण वेगळीच निघाली. यांच्या नजरेच्या कडा शाबूत होत्या, आणि इतक्या वर्षांची सवय. काही हललं की यांच्या तोंडून निघायचंच, "डावीकडे!" मी तिकडे वळायचे, तोवर समोरचं उडून जायचं. कधी डावीकडे पान असायचं, कधी काहीच नाही. लिहिणाऱ्या बाई पेन उचलून थांबायच्या आणि संकोचाने खाली बघायच्या. तीन-चार रविवार असे गेले. एकदा वाट संपल्यावर बाई स्कूटर काढायला पुढे गेल्या तेव्हा हे म्हणाले, "माझ्यामुळे तुझं मोजणं बिघडतंय."

मी म्हणायला हवं होतं की तसं काही नाही. पण त्या दिवशीचा तक्ता माझ्या हातात होता. त्यात तीन ठिकाणी बाईंनी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं, आणि तिन्ही ठिकाणी यांनीच हाक दिलेली होती. यांच्याशी मी कधी आकड्यांबाबत खोटं बोलले नाही. मी म्हणाले, "हो, थोडं बिघडतं."

"थोडं म्हणजे चुकीचंच," हे म्हणाले. "पुढच्या वेळेपासून तुम्ही दोघीच जा."

मी आग्रह केला नाही.

आता रविवारी चहा हे करतात. कपातली पातळी बोटाने चाचपतात, पण सांडत नाहीत. माझी पाण्याची बाटली भरून ठेवतात. मी बूट घालून निघाले की दारापर्यंत येतात आणि "टोपी घे, ऊन आहे," असं काहीतरी म्हणतात. माझा चेहरा पाहायचा असेल तर यांना आता माझ्या शेजारी कुठेतरी, जिन्याच्या कठड्याकडे, पाहावं लागतं. मी एकदोन क्षण तशीच उभी राहते, न हलता. मग खाली उतरते.