शिवणवर्गाशेजारची फ्रेंच

समा भागातल्या एका शाळेत मी नववीला फ्रेंच शिकवायला लागले, तेव्हा फ्रेंचला खोलीच नव्हती. भाषांच्या खोलीचं छत गळायचं, म्हणून तिला कुलूप लागलं होतं. प्रिन्सिपल मॅडम मला पहिल्या मजल्यावरच्या शिवणवर्गात घेऊन गेल्या. लांबलचक हॉल होता आणि मधोमध दोन लोखंडी कपाटं आडवी उभी केली होती.

"अलीकडे तुम्ही, पलीकडे व्होकेशनल. थोडे दिवस सांभाळून घ्या," त्या म्हणाल्या.

थोडे दिवस म्हटल्यावर मला बरंच वाटलं. मी तरी कुठे फार दिवसांसाठी आले होते? सयाजीगंजला युनिव्हर्सिटीत फ्रेंच शिकून झालं होतं, पुण्याच्या एका भाषांतर करणाऱ्या कंपनीत अर्ज टाकला होता आणि उत्तर येईपर्यंत हाताला काम हवं होतं. रावपुऱ्यातल्या घरातून स्कूटर काढली की प्रत्येक सिग्नलला मोबाइल काढून मेल बघायचे. जेवतानाही बघायचे. आई म्हणायची, "अगं, पान वाढलंय समोर. बस ना जरा शांतीनं." मी बसायचे, पण पाय हलत राहायचा.

कपाटांपलीकडे अकरावीच्या मुली शिवण शिकायच्या. त्यांच्या शिक्षिका निवृत्तीला आलेल्या, सडपातळ, गळ्यात कायम माप घ्यायची टेप. सगळी शाळा त्यांना नुसतं 'बेन' म्हणायची. तास सुरू झाला की त्यांच्या बाजूची सगळी मशीनं एकदम चालू व्हायची. मी फळ्याजवळ उभी राहून घसा फोडून विचारायचे, "स्टेशन कुठे आहे?" मुलं तितक्याच जोरात ओरडून फ्रेंचमध्ये उत्तर द्यायची. डावीकडे म्हणजे 'आ गोश'. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा सगळा वर्ग हसत सुटला. एक मुलगा म्हणाला, "मॅम, गोश्त नको, आम्ही प्युअर व्हेज आहोत." कपाटांमागून बेनही हसल्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. रोज संध्याकाळी घसा बसायचा, डोकं दुखायचं. मुलांना ऐकायची परीक्षा असते. मी लॅपटॉपवर संवाद लावला की त्यातल्या बाईचं बोलणं मशीनच्या घरघरीत बुडून जायचं. एकदा मी कपाटाला वळसा घालून पलीकडे गेले.

"बेन, वीस मिनिटं मशीन बंद ठेवाल का?"

"वीस मिनिटं?" बेन तरुणपणी मराठी शेजारात राहिलेल्या, त्यामुळे माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. "गॅदरिंगचे चणियाचोळी शिवायचे आहेत. तुम्ही बोलायचं बंद करा, मग मी मशीन बंद करते."

मी तशीच जिना उतरले आणि प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये गेले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. परकी भाषा कानाने शिकायची असते, असं काहीतरी मोठ्या आवाजात सांगितलं एवढं नक्की. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर कपाटं भिंतीला लागलेली आणि मशीनं गायब. शिवणवर्ग मैदानाच्या कडेला, सायकल स्टँडशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला होता.

अख्खा हॉल आमचा झाला. मी खिडक्या उघडल्या, बाकं गोलात लावली आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही. पुन्हा विचारला. दोघंतिघं खाली मान घालून पुटपुटले. त्या दिवशी नवेपणा असेल म्हणून सोडून दिलं, पण पुढचा आठवडाभर तेच. पंख्याचा आवाज ऐकू यायचा, कोणीतरी पेनचं टोपण काढायचं-घालायचं, आणि मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे. ही शांतता मीच मागून घेतली होती आणि आता मलाच ती सोसवेना.

वर्गात एक मुलगी होती, दोन वेण्या घालणारी. मशीनं होती तेव्हा रोज मधल्या सुट्टीआधी "मला भूक लागलीय!" हे फ्रेंचमध्ये सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी तीच. आता तिचे नुसते ओठ हलायचे. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

"काय झालंय तुला? आधी किती छान बोलायचीस."

ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मॅम, तेव्हा चुकलं तरी कोणाला ऐकू जायचं नाही. आता सगळ्यांना ऐकू येतं."

तिला डबा खायला पाठवलं आणि मी रिकाम्या हॉलमध्ये बाकांमधून फिरत राहिले. मग स्कूटरची किल्ली घेतली, परत ठेवली आणि सरळ मैदान ओलांडून शेडकडे गेले.

बेन कापड कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बेन, तुम्ही परत वर या ना."

"का? आता कोणाचा आवाज हवाय?"

मी त्या मुलीचं बोलणं सांगितलं. बेननी कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मशीन पुन्हा वर चढवायचं बळ माझ्यात नाही, बेटा. इथे उजेडही चांगला आहे. तुला आवाज हवा तर तू खाली ये."

आम्ही खाली गेलो. थंडीचे दिवस होते, शेडबाहेरच्या उन्हात मुलं उभी राहायची. आत मशीनं चालू, शेजारी सायकलींची खडखड, मैदानात पी.टी.च्या सरांची शिट्टी. मी प्रश्न ओरडायचे, मुलं उत्तर ओरडायची. बसायला काहीच नसल्यामुळे सगळे सारखे हलत, फिरत असायचे आणि माझ्या पायांनाही तेच बरं वाटायचं. प्रिन्सिपल मॅडम एकदा वरच्या गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "हे काय चाललंय? हॉल दिला ना तुम्हाला?" मी म्हटलं, "मॅडम, आठवड्यातले दोनच तास इथे घेते." त्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत.

हळूहळू मी मुलांना शेडपासून लांब नेऊ लागले. आधी लिंबाखाली, मग जिन्याजवळ, मग परत हॉलमध्ये. तोंडी परीक्षा हॉलमध्येच झाली. दोन वेण्यांची मुलगी आत आली, टेबलाची कड घट्ट धरली आणि स्टेशनचा रस्ता सांगायला लागली. मध्ये चुकली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सांगितला. आवाज बारीक होता, पण तिनं शेवटपर्यंत सांगितला. सगळ्यांचं असं झालं नाही. प्युअर व्हेजवाला मुलगा तर खिडकीकडे बघत बसला आणि एक शब्द बोलला नाही.

त्याच सुमाराला पुण्याहून मेल आला. दुसऱ्या कोणाला तरी घेतलं होतं. मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला आणि संध्याकाळी स्कूटर घेऊन उगाचच फतेगंजपर्यंत जाऊन आले. शाळेनं पुढच्या वर्षासाठी विचारलं तेव्हा हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी दिल्लीला एक अर्जही टाकला.

बेन एप्रिलच्या शेवटी निवृत्त झाल्या. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. शाळेच्या कार्यक्रमातलं निळं कापड उरलं होतं, त्याचा कुर्ता शिवून देते म्हणाल्या. टेप घेऊन त्या माझ्या पाठीमागे आल्या.

"सीधी उभी रहा ने!" त्या वैतागल्या. "मान इकडे, पाय तिकडे. माप कसं घेऊ?"

"उभीच तर आहे बेन."

"ही उभी म्हणते!" त्या आपल्या विद्यार्थिनींना म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

शेवटी त्यांनी अंदाजानंच माप लिहून घेतलं. कुर्ता खांद्यांत थोडा घट्ट झाला. उसवून सैल करायला कापड आत ठेवलंय असं त्या म्हणाल्या होत्या, पण मी तो तसाच घालते.