हाडांच्या बाई

बाई वर्गात आल्या की पोरं आपापली गळ्याखालची हाडं चाचपू लागत. "आधी स्वतःचं हाड ओळखा, मग मेलेल्याचं हातात घ्या," असा त्यांचा दंडक होता. सत्तर सालच्या आसपास नागपुरातल्या एका कॉलेजात आम्ही दोघं एकाच दिवशी मानववंशशास्त्र शिकवायला लागलो. महिन्याभरात त्या 'हाडांच्या बाई' झाल्या. मी 'दुसरे सर' राहिलो.

'सांगाडा' हा शब्द त्यांना चालत नसे. "टेबलावर माणूस आहे, हळू बोला," म्हणत. माझ्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरं त्यांच्या तासाला दारात उभी राहून ऐकत. मला ते फार झोंबायचं. मोजमापात मी त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतो. चहा पिताना त्या स्वतःच तसं म्हणत, आणि त्याचाही मला राग येई.

एकदा पारशिवनीकडच्या एका पडक्या विहिरीत हाडं सापडली. पोलिसांनी ती आमच्याकडे आणली आणि पाठोपाठ एक म्हातारी आली. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभरापूर्वी घरातून गेला तो परतलाच नव्हता. आम्ही दोघांनी हाडं वेगवेगळी तपासली. उत्तर एकच आलं. गळ्याच्या हाडाचं आतलं टोक पूर्ण जुळलेलं होतं, म्हणजे माणूस तिशी ओलांडलेला. म्हातारीला आनंद होईल, असं वाटून मीच पुढे झालो.

"आजी, हा तुमचा मुलगा नाही."

ती मटकन खाली बसली. "मंग मी रडू कोणासाठी? घरचे मले रडूबी देऊन नाही राहिले. 'येतो तो' म्हन्तात."

बाई फरशीवर तिच्याजवळ बसल्या.

"माय, याचीबी माय असन कुठंतरी. तिले अजून ठावं नाही. तिच्या वाटचं रडून घे."

आणि बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हातारी मोकळी होईपर्यंत रडली. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो. इतका हेवा मी आयुष्यात कोणाचा केला नाही.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि बाई नागपूर सोडून गेल्या. त्यांची खोली, त्यांचे तास, सगळं माझ्याकडे आलं. मी सुखावलो, खोटं कशाला बोलू? थोड्याच दिवसांत एक बाप आला, हरवलेल्या मुलीच्या शोधात. मी त्याच्याशेजारी बसलो. टेबलावरची ती त्याची मुलगी नाही, हे जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकलं, मान हलवली, डोळे पुसले.

"बरं साहेब," तो म्हणाला, "पण बाई कधी येतीन?"