कमीत कमी तिघांना टॅग करा

आमच्या ऑफिसात किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. सकाळच्या चहाला एक सुरू होतो, जेवणाच्या सुट्टीत त्यात भर पडते आणि संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडी असं एखादं वाक्य आलेलं असतं, जे मी कधी बोललेलीच नसते. तरी इथे सांगतेय ते सगळे किस्से मी स्वतः पाहिलेत. एकदोन ठिकाणी हातभारही लावलाय.

घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर आम्ही अकरा जण बसतो. कोल्डस्टोरेजच्या खोल्या बांधून देणं हा आमचा धंदा. मासळी, औषधं, आइस्क्रीम, ज्याला जे थंड ठेवायचं असेल ते ठेवा. मी परचेस बघते. मालक नाईक सर. माणूस मनाने वाईट नाही, पण सेमिनारला गेला की आठ दिवस हाताबाहेर जातो.

असेच ते एकदा ठाण्यातल्या एका हॉटेलात सेमिनारला गेलेले. नोकरीधंद्यासाठी जी साईट असते ना, जिथे सगळे एकमेकांचं अभिनंदन करत बसलेले असतात, तिथे आपली ओळख कशी वाढवायची असा विषय होता. आम्ही त्या साईटला चावडी म्हणतो. दुसऱ्या दिवशी सरांनी नियम काढला. अकरा वाजता सर चावडीवर पोस्ट टाकणार. जेवणाआधी प्रत्येकाने त्याखाली कमेंट करायची आणि कमेंटमध्ये कमीत कमी तिघांना टॅग करायचं. टॅग करायचं म्हणजे ॲट द रेटचं चिन्ह टाकून नाव लिहायचं, की नाव निळं होतं आणि त्या माणसाचा फोन टिंग करतो. व्हाइटबोर्डवर तक्ता आला. नावापुढे रोजचे टॅग.

त्या तक्त्यात एकाच नावापुढे रोज शून्य असायचं. जोशीकाका. कोपरीत राहणारे, सव्वीस वर्षं कंपनीची ड्रॉइंग काढणारे. काका त्या वर्षी रिटायर होणार होते आणि त्यांना अजून एक वर्ष काम करायचं होतं. तसं त्यांनी सरांना विचारलं, सर "बघू" म्हणाले. एकदा विचारलेलं दुसऱ्यांदा विचारायचं नाही, असा काकांचा स्वभाव. त्यामुळे त्या रोजच्या शून्याची काळजी मीच करायचे. मला काका ऑफिसात हवे होते. सहा वर्षांत मला तिथे जे काही आलं, ते त्यांनी शिकवलं म्हणून आलं.

* * *

नियमाचा पहिला दिवस. सरांनी पोस्ट टाकली, "आमची टीम, आमची ताकद." आता तिघं आणायचे कुठून? प्रत्येकाने शेजारच्या तिघांना टॅग केलं. ज्याला टॅग केलं त्याने आभार मानले, आणि आभार मानताना पुन्हा तिघांना टॅग केलं, कारण नियम. पाऊण तास ऑफिसात टिंग टिंग सोडून दुसरा आवाज नव्हता. हातभर अंतरावर बसलेली माणसं खाली मान घालून एकमेकांना "तुमच्यासोबत काम करणं हा माझा सन्मान आहे" असं कळवत होती.

बाहेर भिवंडीचे एक गोडाऊनवाले थांबले होते. त्यांनी दोनदा पाणी मागितलं, कुणी मान वर केली नाही. शेवटी मी गेले, तर म्हणाले, "ताई, काही दुःखद बातमी आलीय का?"

* * *

आमचा साईट सुपरवायझर जयेश म्हात्रे. डोंबिवलीजवळच्या गावातला, जुन्या जमिनीवाल्या घरातला. तीन दिवसांचं काम त्याने दोन दिवसांत उरकलं म्हणून सरांनी चावडीवर त्याचं जोरदार कौतुक केलं. जयेश म्हात्रे लिहिलं, खाली नावांची यादी आली, सरांनी पहिलं दाबलं. जेवणाआधी आम्ही सगळ्यांनी तेच निळं नाव उचलून अभिनंदन केलं. आमचा जयेश मात्र दिवसभर फोन उघडून बघत होता आणि त्याचा फोन गप्प.

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. तोही जयेश म्हात्रेच. माझं कौतुक नेमकं कशाबद्दल झालं ते कळलं नाही, पण एवढ्या मोठ्या मनाने केलंत तर प्रत्यक्ष भेटून जावं म्हटलं, असं तो अगदी सरळपणे म्हणाला. आता याला चूक झाली असं कोण सांगणार? सरांनी त्याला शाल दिली. फोटो निघाला. आमच्या जयेशनेच काढला.

फोटो काढून झाल्यावर तो सरांना म्हणाला, "सायब, आमचे गावान जयेश म्हात्रे सात हायेत. तुमी आदी इचारायचा तरी."

पाहुण्याचे स्वतःचे दोन टेम्पो निघाले. तेव्हापासून आमचा माल त्याच्याच टेम्पोतून जातो. आमच्या जयेशचं अभिनंदन अजून बाकी आहे.

* * *

सर रोजच्या पोस्टमध्ये एका फार मोठ्या उद्योगपतीला टॅग करायचे. ओळख अर्थातच नाही. खोलीला रंग दिला, टॅग. दसऱ्याला मशीनची पूजा केली, टॅग. असं आठ महिने चाललं. मग एका दुपारी सर केबिनमधून जवळजवळ धावतच बाहेर आले. उत्तर आलं होतं. आम्ही सगळे गोळा झालो.

उत्तर एका ओळीचं होतं. "मिस्टर नाईक, कृपया मला टॅग करणं थांबवा."

सरांनी त्याची प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली. आजही केबिनमध्ये लावलेली आहे. कुणी विचारलंच, तर सर पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवतात.

* * *

तेजल आमचं मार्केटिंग बघते. कल्याणहून येते आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकला रोज नवीन शिव्या घालते. ती गुपचूप दुसरी नोकरी शोधत होती. चावडीवर एका कंपनीने जागा टाकली, "इच्छुकांनी कमेंट करावी." तेजलने लिहिलं, "इंटरेस्टेड." आणि मग, पाच महिन्यांची सवय हो, बोटं आपोआप चालली आणि तिने तिघांना टॅग केलं. नाईक सर, एचआरच्या शिंदे मॅडम आणि मी.

मी फोन बघितला आणि तिच्या टेबलाकडे पळाले. कमेंट उडवेपर्यंत सरांचा लाईक पडलेला होता. पण सर न वाचता लाईक करतात, त्यामुळे तिकडून धोका नव्हता. भीती शिंदे मॅडमची होती. त्यांनी संध्याकाळी तेजलला आणि मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. तेजल रडायच्या बेताला आलेली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "ते ऑफिस स्टेशनपासून चालत आहे का गं?"

* * *

आता काका. त्यांचं शून्य मला बघवेना, म्हणून मीच त्यांचं खातं उघडून दिलं. फोटो काढला, सव्वीस वर्षांचा अनुभव दोन ओळींत बसवला. मग टॅग म्हणजे काय ते समजावलं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी नाव लिहिलं की त्या गृहस्थाच्या फोनवर बेल वाजणार?"

"हो."

"मग काम असल्याशिवाय कशाला वाजवायची? आपण कुणाच्या दारावरची बेल उगाच वाजवतो का, मंजिरी?"

शून्य तसंच राहिलं.

महिन्याभराने त्या भिवंडीवाल्यांनी आपल्या नव्या गोडाऊनचा फोटो चावडीवर टाकला. खोली आम्ही बांधलेली नव्हती, पण आम्ही दहा जणांनी रीतसर अभिनंदन केलं. प्रत्येकी तिघं, म्हणजे तीस नावं निळी केली. कुणाला काही उत्तर आलं नाही. काकांनी चष्मा लावून तो फोटो मोठा करकरून बघितला आणि फक्त त्या गोडाऊनवाल्यांना टॅग करून लिहिलं, "डावीकडच्या पाइपाचा उतार उलटा दिसतो. खाली पाणी साठतं का?"

दहा मिनिटांत त्यांचा फोन. पाणी साठत होतं, आणि कुठून येतं तेच कुणाला कळत नव्हतं.

मी आनंदाने तक्त्यावर काकांच्या नावापुढे एक लिहिलं. सर मात्र वैतागले. "जोशी, लोक तिथे अभिनंदन करतात, तुम्ही पाईप दाखवता." सर आत गेल्यावर काका मला म्हणाले, अभिनंदन करायला पाईप सरळ असावा लागतो. पण मला त्यांच्या त्या एका वर्षाची काळजी वाटली. काका आता सरांच्या मनातून उतरले असं वाटलं, आणि ते खातं आपणच उघडून दिलं याचं फार वाईट वाटलं.

झालंही तसंच. ड्रॉइंगसाठी नवीन माणसाच्या मुलाखती सुरू झाल्या. काकांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला त्यांची स्टीलची पट्टी दिली. मी नको नको म्हटलं, तर म्हणाले, "घरी मी काय मोजणार?"

* * *

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. चार वाजता काकांचा निरोप समारंभ. केक सकाळीच येऊन पडलेला. सरांचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडेच होतं, कारण आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम नुकतंच पूर्ण झालं होतं. मासळी निर्यात करणाऱ्या तांडेलबाईंच्या दोन मोठ्या खोल्या. पुढे अजून तीन खोल्या करायच्या होत्या, पण ते काम त्यांनी अजून आम्हाला दिलं नव्हतं. नेमक्या अकरा वाजता सरांनी फोटो टाकले आणि एका दमात चाळीस जणांना टॅग केलं. तांडेलबाई, सेमिनारवाले गुरुजी, दुसरा जयेश म्हात्रेसुद्धा. ज्यांनी त्या खोल्यांची रेघ न् रेघ काढली, त्या काकांचं नाव सोडून सगळे.

मला राग आला. खूप राग आला. मी काकांकडे गेले. ते ड्रॉवर रिकामा करत होते. म्हटलं, "काका, आज शेवटचा दिवस आहे. आज तरी त्या तक्त्यावर शून्य नको. माझ्यासाठी लिहा."

"काय लिहू?"

"काहीही. अभिनंदन लिहा आणि तिघांना टॅग करा."

काकांनी चष्मा लावला. एका बोटाने अर्धा तास टाईप करत होते. मधे एकदा उठून जुनं ड्रॉइंगही बघून आले. मग परत ड्रॉवरकडे वळले. मी जागेवर जाऊन फोन उघडला. चाळीस निळी नावं, त्याखाली सत्तर वेळा अभिनंदन आणि त्याच्याही खाली काका. टॅग एकच.

"श्रीमती तांडेल यांस, सादर नमस्कार. दोन नंबरच्या खोलीचं दार घट्ट बसतं का? नव्या दाराचं खालचं रबर पहिल्या महिन्यात आक्रसतं. आजच बघून घ्यावं. मी उद्यापासून इथे नसेन, म्हणून आज विचारतो."

मी कपाळावर हात मारला. शेवटच्या दिवशीही पाईपच!

चार वाजले. आम्ही टेबलाभोवती जमलो. शिंदे मॅडमनी केकचा बॉक्स उघडला. वर लाल अक्षरांत "जोशीकाका", आणि खाली "निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा". काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. सर बोलायला म्हणून केबिनमधून निघाले आणि दारातच त्यांचा फोन टिंग झाला.

त्याच वेळी काकांच्या खिशातही टिंग झालं. आमच्या कुणाच्या फोनवर काही नाही. तांडेलबाईंनी फक्त दोघांना टॅग केलं होतं. काकांनी फोन माझ्या हातात दिला, मी वाचला.

"जोशीसाहेब, माणूस पाठवून बघितलं. दार बसत नाही, रबर आक्रसलंय. तुम्ही आज विचारलंत म्हणून माल वाचला. नाईकसाहेब, जोशी उद्यापासून नाहीत म्हणजे काय? मग पुढच्या तीन खोल्या मी कुणाच्या भरवशावर देऊ?"

त्याखाली सेमिनारवाल्या गुरुजींचा लाईक पडलेला होता.

सर दारातच उभे राहून वाचत होते. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. या वेळी खरंच वाचत होते. मग फोन खिशात ठेवून ते सावकाश टेबलापाशी आले, वाकून केक बघितला आणि माझ्याकडे वळले.

"मंजिरी, सुरी घे. नाव तसंच राहू दे, खालचं सगळं खरवडून काढ."