तिसरा प्रयत्न

नौदलात मी चाचणी-वैमानिक होतो. नवं विमान कुठे दगा देतं हे आधी आम्ही पाहायचं, मग ते बाकीच्यांच्या हाती जायचं. बायकोची बँकेतली बदली जयपूरला झाली, तेव्हा मणक्याच्या दुखण्याने माझं उडणं बंद होऊन वर्ष झालं होतं.

सांगानेरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर येरझाऱ्या घालायचो. चहा अर्धा टाकून गच्चीवर जायचो, उतरणारं विमान बघून परत यायचो.

"बाबा, बसा ना! मतलब, किती फिरणार?" मुलगी वैतागायची.

एका दुपारी फोन आला. माझ्या शेवटच्या उड्डाणात मागच्या सीटवर असलेला इंजिनिअर बोलत होता.

"सर, तुमच्या जवळच, बस्सीला लग्नाला आलोय. येऊ का?"

हॉस्पिटलमधून सुटल्यापासून मी त्याला टाळत आलो होतो. त्या दिवशी समुद्रावर आम्ही इंजिन मुद्दाम बंद केलं होतं. ते हवेतच पुन्हा सुरू होतं का, हे तपासायचं होतं. दोन प्रयत्न फसले. ठरलेल्या उंचीखाली गेलो की विमान सोडून बाहेर पडायचं, असा नियम. त्या उंचीखाली गेल्यावरही मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तोही फसला, मग दोघे बाहेर पडलो, पण पॅराशूट धड उघडायच्या आत पाण्यावर आदळलो. माझा मणका गेला, त्याची मांडी. चौकशीत मी सगळं कबूल केलं होतं. त्याच्यापाशी मात्र नाही.

तो काठी टेकत आला. पाणीसुद्धा न विचारता मी बोलून गेलो, "तुझं हे माझ्यामुळे झालं. मी हट्ट केला."

"उंचीचा काटा माझ्याही समोर होता, सर. मलाही वाटलं, आता होईल सुरू. म्हणून गप्प बसलो."

हलकं वाटायला हवं होतं. उलट मी भडकलो. "ओरडायचं होतंस!"

"हो," तो खाली बघत म्हणाला. "ओरडायला हवं होतं."

जाताना दारात थांबला. "नव्या वैमानिकांना मी आता शिकवतो. एकदा येऊन हे सांगाल त्यांना?"

पुढच्या महिन्यात गेलो. खुर्ची ठेवली होती, पण बसवेना. उभ्यानेच सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, समुद्र अजून थोडा खाली असता, तर चौथ्यांदाही केला असता प्रयत्न?"

तो मागे भिंतीशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "केला असता."