शीलाताईनं चालता केलेला हात

शीलाताई गेल्याचा फोन तिच्या मिस्टरांनी केला, तेव्हा मी बदलापूरच्या बाजारात मेथीची जुडी बघत होते. "सकाळी चहा घेतला, पलंगावर टेकली आणि..." एवढंच ते बोलू शकले. महिना होऊन गेला, तरी तिच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडी अजून 'शीलाताई म्हणते' असंच येतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या एका गोदामात आम्ही बरोबर होतो. ती सुपरवायझर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक खोक्यावरचा बारकोड वाचून घ्यायचा, हे माझं काम. डाव्या हातानं खोका फिरवायचा, उजव्या हातातल्या स्कॅनरचा खटका दाबायचा, आवाज आला की पुढचा खोका. मग मला पक्षाघाताचा झटका आला. काही महिन्यांनी चालायला लागले, पण उजव्या हाताच्या बोटांत जीव नव्हता. आमचे साहेब भला माणूस. म्हणाले, "रेखाताई, आता घरी आराम करा." ते वाक्य मला झटक्यापेक्षा जास्त लागलं. नवरा लवकर गेलेला, मुलगी सासरी. दिवसभर घरात बसून मी कुणाशी बोलणार होते?

शीलाताई तिथंच उभी होती. "सर, स्कॅनर हातातच धरायला पाहिजे असं कुठंय? स्टँडवर लावू. रेखा खोका त्याच्यासमोरून नेईल."

"आणि स्पीड?"

"थोडे दिवस बघा तर खरं. नाहीच जमलं तर मीच सोडून येते तिला घरी."

खटका न दाबता स्कॅनर आपोआप वाचेल, अशी सेटिंग तिनं स्कॅनरच्या कंपनीच्या माणसाला फोन करकरून बसवून घेतली. रविवारी मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेली आणि एका वर्कशॉपमधून वाकत्या मानेचा लोखंडी स्टँड करून घेतला. शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानात भंगारात एक जुना स्कॅनर पडला होता. तोही तिनं मागितला. सिंधी दुकानदार हसला, "बहेनजी, ये तो मरेला है. क्या करोगी?"

"खटका दबाना है, बस."

तो मेलेला स्कॅनर रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या उजव्या हातात यायचा. डबा उघडण्याआधी शीलाताईचा हुकूम, "दाब." बोट हलायचं नाही, डोळे भरून यायचे. "रड गं, पण दाबत रड," ती म्हणायची. राग यायचा तिचा... खूप यायचा. आणि एका दुपारी खट्‌ असा बारीक आवाज झाला. शीलाताईच्या हातातला घास तसाच राहिला. मग तिनं अशी आरोळी ठोकली, की गाडी भरणारे हमाल काम टाकून धावत आले.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही रे! हिचं बोट चाललं!"

पुढे स्टँड सुटला, स्कॅनर पुन्हा उजव्या हातात आला. नोकरी आजही चालू आहे.

पुण्यानुमोदनाला कुळगावला तिच्या घरी गेले. समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी तिचा फोटो होता, नेहमीसारखा हसरा. लोक एकेक फूल वाहत होते. माझी पाळी आली, तेव्हा तिच्या मिस्टरांनी माझ्यापुढे झेंडूच्या पाकळ्यांचं ताट धरलं. मी दोन्ही हातांची ओंजळ केली, शिगोशीग भरून घेतली आणि फोटोपर्यंत नेली. एकही पाकळी वाटेत सांडली नाही.